उभी गाडी, उतरलेली बॅटरी : मेंटेनन्स चार्जर घेण्याआधी एवढं ऐका

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांच्या गावात रेंज एका ठराविक झाडाखालीच येते, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा : "दादा, मी पुण्याला जॉबला, गाडी गावी उभी. दर वेळी गेलो की बॅटरी डाउन. कुठला चार्जर घेऊ?" याचं एका ओळीत उत्तर देता आलं असतं. एका ब्रँडचं नाव सांगितलं, लिंक टाकली, विषय संपला. पण मी स्वतः असाच लिंकवरून चार्जर घेतला आणि चांगली बॅटरी फुगवून ठेवली. त्यामुळे आज नाव सांगणार नाही, निवडायचं कसं ते सांगतो.

ताईचा फोन

माझं घर चंद्रपूरचं. ताई आरोग्यसेविका आहे, गडचिरोली जिल्ह्यात भामरागड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात. चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली गाठायची आणि तिथून पुढे आणखी साठ-पासष्ट किलोमीटर जंगलातून. पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचत आलोय. मोठी नदी सोडा, मधले छोटे नाले भरले तरी दोन-चार दिवस कुणी कुठे जात नाही. मग गाडीही जागेवरच उभी.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये तिचा फोन आला. पाच दिवस पाऊस होता, त्या दिवशी जरा उघडला होता. नाल्यापलीकडच्या पाड्यावर नववा महिना लागलेली एक बाई होती. पाणी पुन्हा चढायच्या आत तिला बघून यायचं, वाटलं तर दवाखान्यात हलवायचं, असं ठरलेलं. ताई म्हणाली, "बाबू, गाडी सेल्फच नाही घेऊन राहिली रे. टक-टक करते अन् गप्प."

मी पुण्यात. फोनवरून जेवढं सुचलं तेवढं सांगितलं. धक्का मारून बघ, म्हटलं. भाऊजींनी आणि शेजारच्या दोन पोरांनी चिखलात गाडी ढकलली, काही झालं नाही. शेवटी आशाताईंच्या नवऱ्याची जुनी किकवाली गाडी कामी आली. ताई त्यावर मागे बसून गेली. तास-दीड तास गेला, पण पोचली आणि सगळं नीट झालं. नाल्याचं पाणी तासभर आधी चढलं असतं तर काय, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही.

नवीन गाडी धक्क्याने का चालू होत नाही

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. हे नियम पाळायला बहुतेक सगळ्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आपोआप खेचलं जायचं. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला इलेक्ट्रिक पंप पेट्रोलला दाब देतो आणि किती सोडायचं ते छोटा कॉम्प्युटर ठरवतो. पंप आणि कॉम्प्युटर, दोघांनाही करंट लागतो. बॅटरी थोडी उतरली असेल तर धक्क्याने जमूनही जातं. पण ती पूर्ण बसली असेल तर पंप फिरत नाही, आणि पंप फिरला नाही तर तुम्ही बल्लारपूरपर्यंत ढकलत नेली तरी इंजिनात पेट्रोल जाणार नाही.

त्यात बऱ्याच गाड्यांची किक गेली. एप्रिल २०१७ पासून दुचाकीचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत सतत जळतो, तो आपल्याला बंद करता येत नाही. म्हणजे बॅटरीवरचं काम वाढलं आणि तिच्याशिवाय चालवून घ्यायचे मार्ग कमी झाले. बॅटरी गेली तर आमच्या बाबांच्या जुन्या गाडीचा फक्त हॉर्न जायचा. आता गाडीच जाते.

माझा पराक्रम

त्याच रात्री मी ऑनलाइन चार्जर मागवला. साडेचार स्टार, "स्मार्ट" लिहिलेलं, डिस्प्ले, "रिपेअर मोड", आणि सहा ॲम्प. मला वाटलं, जितके ॲम्प जास्त तितका चार्जर भारी. बीटेकला बेसिक इलेक्ट्रिकल मी पास होण्यापुरतंच केलं होतं, ते इथे दिसलं.

तो चार्जर चंद्रपूरच्या घरी येऊन पडला. तोवर ताईने आलापल्लीला बॅटरी चार्जिंगला लावून आणली होती, त्यामुळे तो डब्यातच राहिला. पुढच्या मे महिन्यात ताई सुट्टीवर गाडी घेऊन चंद्रपूरला आली. गाडी मागच्या टिनाच्या शेडमध्ये लावली आणि मी मोठ्या हौसेने चार्जर जोडून ठेवला. "आता तीन आठवडे बघायलाच नको," म्हटलं.

चंद्रपूरचा मे महिना माहीत असणाऱ्यांनी इथे मान हलवली असेल. बाहेर ४६ अंश, टिनाखाली त्याहून जास्त. दहाव्या दिवशी शेडमध्ये सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला. सीटखाली पाहिलं तर बॅटरीच्या दोन्ही बाजू पोट आल्यासारख्या फुगलेल्या, आणि हात लावला तर चटका. चौकातल्या मिस्त्रीकाकांना दाखवली. त्यांनी एकदा बॅटरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "उकडली ना बाबू तुमची बॅटरी. केवढा चार्जर लावला होता? हा तर ट्रॅक्टरले पुरते."

तिथून मी नीट अभ्यासाला बसलो.

उभ्या बॅटरीच्या पोटात काय चालतं

आपल्या मोटरसायकलींमध्ये अजूनही बहुतेक लेड-ॲसिड बॅटरीच असते. हा शोध १८५९ सालचा, फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांचा. आत शिशाच्या प्लेटा आणि सौम्य सल्फ्युरिक ॲसिड. पाणी टाकायच्या जुन्या बॅटऱ्या कमी झाल्यात. आता सीलबंद, म्हणजे दुकानदार ज्याला "मेंटेनन्स फ्री" म्हणतात ती मिळते. आतली केमिस्ट्री तीच.

बॅटरी वापरली की प्लेटांवर लेड सल्फेटचा थर येतो, चार्ज केली की तो विरघळतो. पण अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे ठेवली तर त्या थराचे कडक स्फटिक होतात आणि मग ते सहज विरघळत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. गावी चार महिने उभ्या गाडीची बॅटरी "चार्ज केली तरी टिकत नाही", त्याचं कारण हेच.

आता ती उतरते का? दोन कारणं. पहिलं, बॅटरी आपली आपणच थोडी थोडी उतरते. चांगल्या सीलबंद बॅटरीत २५ अंशांना हे महिन्याला साधारण ३ टक्के. पण तापमान दर १० अंशांनी वाढलं की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे ४५ अंशांना चौपट, महिन्याला १२ टक्के.

दुसरं कारण म्हणजे करंटची गळती. चावी काढली तरी घड्याळ, कॉम्प्युटर, बाहेरून बसवलेला सायरन किंवा जीपीएस थोडा करंट खातच असतात. "थोडा" म्हणजे किती? १० मिलिॲम्प धरा. गुणिले २४ तास, गुणिले ३० दिवस : ७,२०० मिलिॲम्प-तास, म्हणजे ७.२ एएच. तुमची बॅटरी ५ एएचची असेल तर महिना भरायच्या आतच ती रिकामी.

म्हणून माझा पहिला सल्ला : चार्जर घेण्याआधी मल्टिमीटर घ्या. साधा डिजिटल मीटर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांना व्होल्टेज मोजा. १२.७ च्या वर असेल तर भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर लगेच चार्जिंगला लावा.

मग गळती. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मीटर ॲम्पच्या रेंजवर ठेवून एक टोक त्या वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. सुरुवात मोठ्या रेंजने करा, आकडा छोटा दिसला की मिलिॲम्पवर या. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. एक-दोन मिलिॲम्प दिसले तर ठीक. दहा-बारा दिसले तर चोर गाडीतच बसलाय.

ताईच्या गाडीत काय निघालं? १३ मिलिॲम्प. त्यातले १२ एकटा सायरनवाला अलार्म खात होता, जो तिने हौसेने नाही तर माझ्याच सांगण्यावरून बसवला होता. ५ एएचची बॅटरी, रोजची गळती ०.३ एएच. पंधरा-सोळा दिवसांत खेळ खल्लास, आणि सेल्फ तर त्याच्या कितीतरी आधीच सोडून देणार. जुलैत पाच दिवसांतच का बसली? कारण त्याआधी रोज उपकेंद्र ते गाव असे दोन-दोन किलोमीटरचे फेरे. एवढ्याशा फेरीत सेल्फने जे खाल्लं तेही भरून येत नाही, वर हेडलाइट चालू. म्हणजे पाऊस लागला तेव्हाच बॅटरी अर्धीच होती.

अलार्मची वायर काढली, गळती १ मिलिॲम्पवर आली. अर्धा आजार चार्जर न घेताच बरा झाला.

मेंटेनन्स चार्जर म्हणजे नेमकं काय

गॅरेजमधला साधा चार्जर म्हणजे उघडा नळ. टाकी भरली हे त्याला कळत नाही, मिस्त्रीला कळतं. मिस्त्री चहाला गेला की बॅटरी उकळते.

मेंटेनन्स चार्जर तीन टप्प्यांत चालतो. आधी ठरलेल्या करंटने भरतो. मग व्होल्टेज १४.४ च्या आसपास धरून शेवटचा हिस्सा हळूहळू भरतो. आणि भरल्यावर १३.२ ते १३.८ च्या मध्ये कुठेतरी खाली येऊन, जेवढं आपोआप उतरतं तेवढंच परत देत बसतो. या तिसऱ्या टप्प्याला फ्लोट म्हणतात. आपण पैसे देतो ते या तिसऱ्या टप्प्याचे. पहिले दोन तर मिस्त्रीकडेही होतात.

या विषयावरचे इंग्रजी व्हिडिओ बघाल तर ते सगळे थंड देशांचे. तिकडे बर्फ पडला की गाडी चार-पाच महिने गॅरेजमध्ये, म्हणून ते चार्जर. तिथे लाइट जात नाही आणि गॅरेज थंड असतं. आपल्याकडे गाडी उभी राहते ती पावसाळ्यात, किंवा मालक पुण्या-हैदराबादला आहे म्हणून वर्षभर. आपल्या दोन अडचणी म्हणजे ऊन आणि जाणारी लाइट. म्हणून त्यांची यादी आपल्याला जशीच्या तशी चालत नाही.

निवडताना बघायच्या सहा गोष्टी

एक, ॲम्प. बॅटरीवर एएच लिहिलेलं असतं. त्याचा दहावा भाग हा योग्य करंट. ५ एएचला अर्धा ॲम्प, ८ एएचला ०.८, जुन्या मोठ्या बुलेटच्या १४ एएचला १.४. एक ॲम्पच्या आसपासचा चार्जर बहुतेक मोटरसायकलींना पुरतो. माझा सहा ॲम्पचा म्हणजे बाटलीत पाणी भरायला फायर ब्रिगेडचा पाइप. हळू चार्ज झाला तर बिघडत नाही, गाडी तशीही उभीच आहे.

दोन, फ्लोट खरंच आहे का. "ऑटो कट-ऑफ" आणि फ्लोट या वेगळ्या गोष्टी. काही चार्जर भरल्यावर बंद होतात आणि परत चालूच होत नाहीत. काही म्हणतात फ्लोट, पण १४ च्या वरच बसून राहतात. घरी तपासा : हिरवा दिवा लागल्यावर एक दिवस जाऊ द्या, मग चार्जर चालू असतानाच बॅटरीच्या टोकांना मोजा. १३.२ ते १३.८ मध्ये असेल तर उत्तम. १४ च्या वर असेल तर रिटर्नची मुदत संपायच्या आत परत पाठवा. माझा उकडणारा चार्जर नंतर मोजला, तो १४.३ वर ठाण मांडून होता.

तीन, तापमानाची भरपाई. आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि पाकिटावर सगळ्यात बारीक अक्षरात. बॅटरी जितकी गरम, तितका कमी व्होल्टेज तिला पुरतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण ०.०२ व्होल्ट कमी. २५ अंशांना फ्लोट १३.५ योग्य असेल तर ४५ अंशांना १३.१ हवा. चार्जर मात्र १३.५ च देत राहिला तर जास्तीचा करंट आतलं पाणी फोडून वायू करतो, बॅटरी आणखी तापते, तापली की आणखी करंट ओढते. सीलबंद बॅटरीत बाहेरून पाणी टाकायची सोय नाही, म्हणून ती कोरडी पडते आणि फुगते. मॅन्युअलमध्ये "टेम्परेचर कॉम्पेन्सेशन" शोधा. सेन्सर वायरच्या टोकाला, बॅटरीजवळ असेल तर अजून चांगलं. चार्जर घरात पंख्याखाली आणि बॅटरी टिनाखाली असेल तर चार्जरमधला सेन्सर पंख्याचं तापमान मोजणार.

चार, लाइट गेल्यावर काय करतो. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. पण वीज बनते त्याच भागात जंगलातून गेलेल्या लांब लाइनवर वादळात फांदी पडली की पुढची गावं अंधारात, हेही तितकंच खरं. म्हणून तीन परीक्षा घ्या.

लाइट येताच चार्जर आपोआप चालू होतो की बटण दाबावं लागतं? बटणवाला असेल तर गावी ठेवण्यात अर्थ नाही, कारण तिथे बटण दाबणारे तुम्ही नसता.

लाइट आल्यावर तो आधी बॅटरी तपासतो की डोळे मिटून पहिल्यापासून सुरू करतो? दिवसातून सहा वेळा लाइट गेली आणि सहा वेळा त्याने भरलेल्या बॅटरीला १४.४ वर नेऊन ठेवलं, तर मेंटेनन्सच्या नावाखाली छळ झाला.

आणि तिसरी परीक्षा : लाइट नसताना तो उलटा बॅटरीतून तर खात नाही ना? प्लग काढल्यावरही चार्जरचा दिवा जळत राहिला तर समजून जा. मीटरने मोजलं तर नेमका आकडाही मिळेल. दोन दिवस लाइट गेली आणि चार्जरच बॅटरी खात बसला, याहून मोठा विनोद नाही.

याच्याच जोडीला इनपुट बघा. १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर गावातल्या मंद व्होल्टेजवरही चालतो. फक्त २३०–२४० लिहिलं असेल तर संध्याकाळी सगळ्यांचे पंप चालू झाल्यावर तो काम करेल याची खात्री नाही.

पाच, बॅटरीचा प्रकार. बॅटरीवर व्हीआरएलए किंवा एजीएम लिहिलंय की पाणी टाकायची आहे, ते बघून मोड निवडा. कुणी हलकी लिथियम बॅटरी टाकून घेतली असेल तर लिथियमसाठी सांगितलेलाच चार्जर लावा. लेड-ॲसिडचा "रिपेअर" मोड लिथियमवर कधीही वापरू नका. खरं तर लेड-ॲसिडवरही "रिपेअर" रोजचं औषध नाही. तो मोड व्होल्टेज खूप वर नेतो. माझ्याकडून तोही एकदा दाबला गेला होता, हे आता कबूल करतो.

सहा, उलटी जोडणी आणि वायर. प्लस-मायनस चुकलं तर चार्जरने गप्प बसावं, ठिणगी पडू नये. सोबत बॅटरीला कायमची लावता येणारी, फ्यूज असलेली छोटी वायर असेल तर फार सोय होते. सीट उघडायची नाही, चिमटे लावायचे नाहीत, फक्त प्लग जोडायचा. माझ्या आईलाही जमतं.

डिस्प्ले, ब्लूटूथ, ॲप यांचे पैसे द्यायची गरज नाही. आपल्याला ॲप आवडतं, मी तर त्यावरच पोट भरतो. पण बॅटरीला ॲप लागत नाही.

ताईकडे शेवटी काय लावलं

चंद्रपूरच्या घरी आता ०.८ ॲम्पचा, सेन्सरवाला चार्जर आहे. मेमध्ये गाडी टिनाच्या शेडमधून काढून कडुलिंबाखाली लावतो. सावलीसाठी एक रुपया लागला नाही.

उपकेंद्राच्या क्वार्टरला मात्र प्लगवाला चार्जर उपयोगाचा नव्हता. ज्या आठवड्यात गरज, त्याच आठवड्यात लाइट नाही. मग सोलरचा विचार केला. सगळे हसले, "पावसाळ्यात सोलर?" म्हणून हिशेब करून दाखवला.

१० वॉटचं पॅनेल, साधारण ०.५५ ॲम्प. हा ५ एएचच्या दहाव्या भागाच्या जवळच आला, म्हणजे कडक उन्हातही जास्त नाही. एकदम काळोख्या पावसाळी दिवशी ते दहा टक्केच देईल असं धरा. पाच तासांचे ०.२७ एएच. आता खर्च. गाडीची गळती १ मिलिॲम्प, दिवसाला ०.०२४. मधला कंट्रोलर स्वतः ८ मिलिॲम्प खातो, दिवसाला ०.१९. बॅटरीचं स्वतःचं उतरणं या हिशेबात नगण्य. एकूण ०.२२. म्हणजे सगळ्यात वाईट दिवशीही खातं वजा होत नाही, आणि दोन तास ढग फाटले की उरलेलं भरून निघतं. बॅटरी भरायला बरीच ऊर्जा लागते, पण भरलेली ठेवायला अगदी थोडी लागते.

दोन गोष्टी सांभाळा. कंट्रोलरशिवाय पॅनेल थेट बॅटरीला जोडू नका, उन्हाळ्यात तेही बॅटरी उकडवेल. आणि कंट्रोलर स्वतः किती खातो ते विचारा. गळती थांबवायला नवीन गळती लावून घेण्यात शहाणपण नाही. पॅनेल छपरावर नीट बांधा, वायरला बॅटरीजवळ फ्यूज लावा.

जोडताना

चावी बंद. आधी प्लस, मग मायनस, आणि सगळ्यात शेवटी भिंतीवरचा स्विच. काढताना उलट : आधी स्विच. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, म्हणून बंद खोलीत नको, जवळ बिडी-सिगारेट नको, देवघराचा दिवा नको. पावसाळ्यात चार्जर जमिनीवर ठेवू नका, भिंतीला खिळ्यावर टांगा. बॅटरी फुगलेली किंवा फुटलेली असेल तर चार्ज करूच नका. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका. आत शिसं आणि ॲसिड आहे. नवीन घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि पैसेही कमी करतो.

तुमचे काही प्रश्न

*ब्रह्मपुरीहून एकाने विचारलंय, मी रोज वीस किलोमीटर गाडी चालवतो, चार्जर घेऊ का?* नको. गाडीच तुझा चार्जर आहे. ते पैसे टायरला ठेव.

*मूलहून एक ताई विचारतात, गाडी दोन महिने उभी राहणार, घरी वीज आहे पण बघणारं कुणी नाही.* बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि निगेटिव्ह वायर काढून, टोकाला टेप गुंडाळून ठेवा. गळती शून्य. सीलबंद चांगली बॅटरी सावलीत दोन महिने आरामात राहते. परत येऊन घड्याळ लावावं लागेल, एवढंच. रिकाम्या घरात चार्जर चालू ठेवण्यापेक्षा हे बरं.

*अहेरीहून एक मित्र : आठवड्यातून एकदा बाबांना गाडी चालू करून पाच मिनिटं ठेवायला सांगतो, पुरेल ना?* आपल्याकडे सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला हाच. सेल्फ मारताना बॅटरीतून मोठा करंट जातो, आणि उभ्या गाडीत, मंद रेसवर, हेडलाइट चालू असताना तो पाच मिनिटांत परत येईलच असं नाही. दर आठवड्याला बॅटरी थोडी थोडी उतरत जाते. बाबांना सांग, अर्धा तास चक्कर मारून या. बॅटरीही भरेल आणि बाबांचंही फिरणं होईल.

*चार्जर किती दिवस लावून ठेवू?* फ्लोट मोजलेला, तापमान सांभाळणारा असेल तर महिनोन्‌महिने चालतो. या दोन्हींची खात्री नसेल तर आठवड्यातून एक रात्र लावा आणि सकाळी काढा.

शेवटी

गेल्या पावसाळ्यात ताईकडे ऑगस्टमध्ये सलग अकरा दिवस गाडी हलली नाही. बाराव्या दिवशी सकाळी तिने व्हॉट्सॲपवर सात सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. चावी, पंपाचा बारीक आवाज, सेल्फ, गाडी चालू. मागे पाऊस. खाली लिहिलं होतं, "चालू झाली. लसीकरणाला चालली. संध्याकाळी बोलतो."

तुमच्या घरी चार्जर असेल तर आज फ्लोट मोजा आणि आकडा कळवा. गळतीही मोजा. दहा मिलिॲम्पच्या वर आली तर काय काय बाहेरून बसवलंय तेही लिहा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू मग.